आमच्या पश्चात त्यांनी राहावयाचे कोठे?

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे तर शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवरसूचक मंडळ आणि वर्गणीची थकबाकी ह्यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा आपल्याकडचा प्रघात आहे. आज आम्ही घेतलेला विषय ह्यांत बसत नाही. तथापि ह्या सभागृहात बसलेल्या काही आईबापांस तो रात्री झोप लागू देत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांनी तो येथे कधी मांडला नाही, कारण मांडला असता तर धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी अडली असती. विषय असा की, जी मुले स्वमग्न आहेत, आणि वयाने आता मुले राहिलेली नाहीत, त्यांनी आईबापांच्या पश्चात राहावयाचे कोठे?

स्वमग्नता, जीस डॉक्टर मंडळी ऑटिझम म्हणतात, हा रोग नव्हे. ती मेंदूची जन्मजात घडण आहे आणि ती जन्मभर सोबत राहते. अशा माणसास दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा व बोलण्यातला न सांगितलेला अर्थ सहजी उमगत नाही. ठरलेला क्रम मोडला की त्याचा जीव कासावीस होतो. आणि आवाज, प्रकाश, वास, स्पर्श ह्या गोष्टी त्यास बहुधा तुमच्याआमच्यापेक्षा फार तीव्रतेने जाणवतात. काहींस बोलता येत नाही व पदोपदी दुसऱ्याचा हात लागतो. काही पदवीधर होतात, नोकरी करतात, आणि त्यांच्याकडे पाहून कोणास शंकाही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक मनुष्य स्वमग्न होता. तीन हजार माणसांच्या ज्ञातीत हा हिशेब तेवीस-चोवीसांवर जातो. आपल्या परिचयपुस्तिकेत मात्र असा एकही आढळावयाचा नाही.

ह्यांतील पुष्कळांस वाढत्या वयात चिंताविकार किंवा नैराश्य जडते. दिवसभर इतरांसारखे वागून दाखविण्याचे जे श्रम त्यांस पडतात, त्यांची कल्पना बाहेरच्यास येत नाही. असा मनुष्य घरी येतो तो केवळ झोपावयास येत नाही; दिवसभर ताणलेली तार सैल सोडावयास येतो. तेव्हा घर डळमळीत झाले की त्याचे मनही डळमळते, आणि मन डळमळले की घर हातचे जाते. हे चक्र कसे फिरते ते आम्ही जवळून पाहिले आहे.

आमचा एक भाचा आहे. त्याच्या अनुमतीने हे सांगत आहोत. त्याच्या अटी दोनच, नाव घ्यावयाचे नाही आणि ‘बिचारा’ हा शब्द वापरावयाचा नाही. वय ३६, व्यवसाय हिशेबनिसाचा. नैराश्यावर उपचार घ्यावयास गेला असता वयाच्या २९ व्या वर्षी त्याच्या स्वमग्नतेचे निदान झाले. तोपर्यंत घरच्यांनी ‘तऱ्हेवाईक’ ह्या एका शब्दात त्याची बोळवण केली होती. नोकरीनिमित्त तो पुण्यात भाड्याने राहत असे. पहिली जागा ११ महिन्यांनी गेली, कारण मालकास ती विकावयाची होती. दुसरी शोधताना दलाल विचारीत, एकटेच का, लग्न का केले नाही, काही आजार आहे काय? हा विचारले ते खरे सांगणारा. सबब तीन ठिकाणी नकार आला. अखेर मिळालेल्या जागेच्या वरच्या मजल्यावर फरश्या बदलण्याचे काम निघाले. ते यंत्र सकाळी नवाला सुरू होई, पण उद्या किती वाजता आणि किती वेळ, हे कोणी सांगत नसे. आठवड्याभरात त्याची झोप गेली. रात्री तो जिन्यातून पायऱ्या मोजीत येरझाऱ्या घालू लागला. शेजाऱ्यांनी तक्रार केली; कमिटीने मालकास पत्र दिले; मालकाने महिन्याभरात जागा सोडावयास सांगितले. जागा जाणार ह्या धास्तीने कामात चित्त लागेना, म्हणून नोकरी गेली. आणि नोकरी नाही म्हणून दुसरी जागा कोणी देईना. त्यानंतर १९ दिवस तो रुग्णालयात होता. तेथून सोडताना डॉक्टरांनी आमच्या भगिनीस जो पहिला प्रश्न विचारला तो औषधांचा नव्हता. ‘हे आता राहणार कोठे?’ असा तो होता.

ह्या हकिकतीत दुष्ट मनुष्य एकही नाही. शेजाऱ्यांस रात्री जिन्यात अनोळखी पावले वाजली की भय वाटणारच, आणि मालकासही आपल्या घराची काळजी असते. परंतु प्रत्येकाने आपापल्या परीने रास्त तेच केले आणि त्या सर्वांची बेरीज होऊन एक मनुष्य रस्त्यावर येण्याच्या बेतास आला.

पुढे त्याच्यासाठी जागा पाहताना आमच्या भगिनीने जी पद्धत अवलंबिली ती इतर आईबापांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. प्रत्येक जागा तिने चार वेळा पाहिली: सकाळी कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळी, दुपारी, सायंकाळी सातला आणि रात्री अकराला. पाण्याचा पंप कोठे बसविला आहे, लिफ्टची खोली कोणत्या भिंतीस लागून आहे, गणपतीचा मांडव कोठे पडतो, शेजारी शाळा किंवा मंगल कार्यालय आहे काय, आणि सर्वांत मुख्य म्हणजे इमारत पुनर्विकासास जावयाची आहे काय, हे विचारून घेतले. पसंत पडलेल्या घरी भाच्याने राहावयास जाण्यापूर्वी दोन रात्री मुक्काम करून पाहिला. खाट, पडदा, भिंतीवरचे घड्याळ पूर्वीचेच नेले. फडफडणाऱ्या ट्यूब बदलल्या. शेजारी कोणास काय व किती सांगावयाचे हे त्याने स्वतः ठरविले. त्याने पहारेकऱ्यास आणि समोरच्या आजींस सांगितले, बाकी कोणास नाही. इमारतीत ठोकाठोकीचे काम निघावयाचे असले की त्या आजी आदल्या दिवशी वेळ लिहिलेली चिठ्ठी दारात सरकवितात, आणि हा त्या वेळात ग्रंथालयात जाऊन बसतो. जे काम पूर्वी त्यास रुग्णालयात घेऊन गेले, तेच आता एका चिठ्ठीवर निभावते. नोकरीही पुन्हा लागली आहे.

कराराविषयी एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. भाड्याचा करार ११ महिन्यांचाच असावा असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. ती रूढी आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात ६० महिन्यांपर्यंतचा सर्रास करता येतो, आणि मुदत कितीही असली तरी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो नोंदवावा लागतो. भाच्याचा करार ३६ महिन्यांचा आहे. आपल्यास ११ आणि ३६ ह्यांत आकड्यांचाच फरक दिसेल. ज्यास दर दहाव्या महिन्यापासून पोटात गोळा येतो, त्यास तो फरक विचारावा.

आता सरकार काय करते, असा प्रश्न येईल. कायदे चांगले आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता व मानसिक आजार ह्या दोहोंचा समावेश आहे, आणि दिव्यांग माणसास समाजात राहण्याचा हक्क आहे, त्याने अमुक एका ठिकाणीच राहिले पाहिजे असे बंधन पडू नये, असे तो म्हणतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर आणखी स्पष्ट बोलतो. केवळ घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्या कारणाने कोणास मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही; आणि ज्यास घरच्यांनी टाकले त्यास आपल्या कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावता यावा, यासाठी सरकारने कायद्याची मदत द्यावी, असे त्यात आहे. आपल्या राज्यात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बरे होऊनही केवळ न्यावयास कोणी येत नाही म्हणून मनोरुग्णालयांत राहून गेलेल्या माणसांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला. कायद्याने दार उघडले, परंतु दाराबाहेर घर पाहिजे ना? नॅशनल ट्रस्टची ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या निवासाची योजना आहे, खाजगी संस्थांची निवासगृहे आहेत. काहींचे काम उत्तम आहे. पण आईबापांनी ती पाहून यावी, आणि आपल्या मुलासही दाखवावी, म्हणजे संस्था निराळी व घर निराळे हे कळून येईल.

दोहोंच्या मधली एक वाट चेन्नईच्या ‘द बनियन’ ह्या संस्थेने दाखविली आहे. १९९३ साली वंदना गोपीकुमार व वैष्णवी जयकुमार ह्या दोन तरुणींनी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी ती काढली. २०१५ पासून तिने असे केले की, वर्षानुवर्षे संस्थेत राहिलेल्या चार-पाच जणींनी मिळून साध्या वस्तीत भाड्याचे घर घ्यावयाचे, सोबतीस एक मदतनीस, आणि स्वयंपाक, बाजार, भांडण, समेट सर्व आपले आपण. आम्हांस ह्यात विशेष वाटले ते हे की, त्यासाठी नवी इमारत बांधावी लागली नाही.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की एवढ्या खटाटोपाने फरक पडतो कशावरून? स्वमग्नतेच्या इतिहासातच ह्याचे उत्तर आहे. लिओ कॅनर ह्या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करणारा निबंध अमेरिकेत प्रसिद्ध केला, तेथून ह्या विषयाचा अभ्यास सुरू झाला असे मानतात. त्यांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. जन्म १९३३, गाव मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट. तो चार वर्षांचाही नव्हता तेव्हा, १९३७ साली, डॉक्टरी सल्ल्याने आईबापांनी त्यास घरापासून दूर एका संस्थेत ठेवले. तेथे तो मिटून गेला. वर्षभराने, तेथील प्रमुखांचे मत डावलून, त्यांनी त्यास परत आणले. पुढे नऊ वर्षांचा असताना त्यास गावाजवळच्या एका निपुत्रिक शेतकरी जोडप्याकडे काही वर्षे ठेवले. त्या शेतकऱ्याने केलेली युक्ती वाचून आम्ही थक्क झालो. मुलास मोजण्याचे वेड, तर त्यास नांगर हाती देऊन मक्याच्या ओळी मोजावयास लावले. मोजता मोजता तो नांगरू लागला. हाच मुलगा १९५८ साली पदवीधर झाला, गावातील पेढीवर नोकरीस लागला, गोल्फ खेळला, एकट्याने जगभर हिंडला, आणि आईबाप १९८० व १९८५ साली गेल्यावरही लहानपणच्याच घरात राहून २०२३ साली, ८९ व्या वर्षी, वारला.

कॅनरने १९७१ साली त्या अकरांचा पुन्हा मागोवा घेतला. जी मुले सरकारी मनोरुग्णालयांत गेली, त्यांच्या अंगी पूर्वी जी थोडीबहुत कर्तबगारी दिसली होती तीही नाहीशी झाली होती, असे त्यास आढळले. मूळ घडण थोडीफार निराळी असेल. पण कोण कोठे राहिला, ह्याने आयुष्ये वेगळी झाली, असे कॅनरसारख्या माणसास वाटले, हे सोडून देण्यासारखे नाही.

डोनाल्डच्या आईच्या माहेरचा त्या पेढीशी मालकीचा संबंध होता, घरी पैसा होता, हे लपविण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी आईबापांनी विश्वस्त निधी करून ठेवला होता, आणि सारा गाव त्यास ओळखत होता. राहते घर, कागदावरची तजवीज आणि ओळखीचा गाव ह्या तीन गोष्टी त्यास लाभल्या. आपल्याकडे पेढ्या नाहीत. तथापि ह्यांतील दुसरी गोष्ट गरिबासही करता येते आणि तीच आपण करीत नाही.

‘भाऊ सांभाळील’, ‘बहिणीचा जीव आहे त्याच्यावर’ ह्या वाक्यांवर आपल्या घराघरांत पुढची तीस-चाळीस वर्षे बेतलेली असतात. भाऊ सांभाळीलही, पण भावाच्या पश्चात? आणि भावाने सही करून घर पुनर्विकासास दिले तर मधली तीन-चार वर्षे ह्याने कोणत्या भाड्याच्या जागेत काढावयाची, हे करारात कोणी लिहून घेतले आहे काय? सोसायटीत मुलाचे नामनिर्देशन केले की घर त्याचे झाले, असाही एक समज आहे. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. वारसांचे हक्क त्याने बुडत नाहीत. मृत्युपत्र करावे, शक्य तर ते नोंदवावे, आणि १८८२ च्या कायद्याखाली खाजगी विश्वस्त निधी करावयाचा असेल तर विश्वस्तांत एक तरी मनुष्य पुढच्या पिढीतला असावा. मूल १८ वर्षांचे झाले की आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. जरूर असेल तेथे १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पण ज्यास स्वतःचे ठरविता येते त्याच्यावर पालक लादू नये. त्याने मानसिक आरोग्य कायद्याखाली आपला प्रतिनिधी नेमावा, आणि आजारपणात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवावे. तशी सोय त्या कायद्यात आहे.

‘लग्न करून द्या, आपोआप ताळ्यावर येईल’, हा सल्ला देणारे अजून आपल्यात आहेत. त्याविषयी आम्ही एवढेच म्हणतो की, तो सल्ला देणाऱ्याने आधी आपली मुलगी द्यावी.

आता ज्ञातीने काय करावे, ह्याकडे वळतो. घरबांधणी हा ज्ञातिसंस्थांस नवा उद्योग नाही. मुंबईस गावदेवी येथे १९१५ साली सारस्वतांची जी सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, ती आशियातील पहिली मानली जाते; तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तल्माकी ह्यांचे परिश्रम होते. नोकरीसाठी शहरात आलेल्या कारकुनास परवडणारी जागा मिळेना, म्हणून त्या काळच्या मंडळींनी ती स्वतः निर्माण केली. अशा वसाहतींची दारे पुष्कळदा इतरांस बंद राहिली, ही त्या इतिहासाची दुसरी बाजू. ती आपण गिरवू नये. आमची पुढील सूचना ज्ञातीबाहेरच्या माणसासही खुली असावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुण्यामुंबईत आपल्या कित्येक सभासदांची घरे कुलूपबंद आहेत. मुले परदेशी, म्हातारपणी परत येऊ म्हणून ठेवलेली घरे. भाडेकरू ठेवावयाचा तर तो बळकावील ही भीती. दुसरीकडे भाडे वेळेवर देणारी, गोंगाट न करणारी, एकाच जागी वर्षानुवर्षे राहू इच्छिणारी माणसे दारोदार नकार घेत आहेत. ह्या दोघांमध्ये संस्थेने उभे राहावे. करार मालक व राहणारा ह्यांच्यातच व्हावा, ३६ किंवा ६० महिन्यांचा. संस्थेने हमीपत्र द्यावे, आणि तक्रार आली तर कमिटीच्या पत्राआधी संस्थेचा मनुष्य तेथे पोहोचावा. ह्याच्या जोडीस एक छोटा निधी हवा, तो एकाच कामासाठी: राहणारा आजारी पडून रुग्णालयात असेल किंवा नोकरी गेली असेल, तर तीन महिन्यांचे भाडे त्यातून भरावयाचे. रुग्णालयातून परत येताना आपल्या दाराची किल्ली खिशात असणे, हे अर्धे औषध आहे असे आमचा भाचा म्हणतो, आणि ह्या विषयातला अधिकारी आमच्या माहितीत तोच.

वसतिगृहाच्या तळमजल्यावरील मागच्या दोन खोल्या सुट्टीतील पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. त्या ह्या कामी द्याव्यात असेही सुचवितो. वसतिगृह सार्वजनिक न्यासाचे असल्याने तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागेल, तेव्हा अर्ज आताच करावयास हवा. खोल्या अंगणाच्या बाजूस आहेत. पाण्याचा पंप दुसऱ्या टोकास आहे, हे आम्ही रात्री जाऊन पाहिले आहे.

ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांची नोंद घेण्यासाठी चिटणिसांकडे एक स्वतंत्र वही ठेविली आहे. ती वधूवरसूचक मंडळाच्या कपाटात ठेवली जाणार नाही, त्या मंडळाच्या कोणाही सभासदास दाखविली जाणार नाही, आणि नोंद शक्यतो त्या मुलाने किंवा मुलीने स्वतः करावयाची आहे. त्याच वहीच्या मागील पानांपासून बंद घरांची नोंद सुरू होईल. पहिले घर आमच्या भगिनीने कालच लिहविले आहे. तिचे स्वतःचे, दोन खोल्यांचे, तिच्या पश्चात भाच्याबरोबर आणखी एकास राहता येईल असे. त्या दुसऱ्या मनुष्याची भाच्याने एकच अट घातली आहे, ती म्हणजे त्याने रेडिओ मोठ्याने लावू नये.